मुशी मोजायची तर अख्खी पाटी रिकामी करा

मुशी (शार्क) आणि पाकट (चपटे ‘रे’ मासे) यांची गणती म्हटली की पुष्कळांना पाण्याखालचा कॅमेरा आठवतो. प्रवाळांच्या नितळ पाण्यात तो उत्तम चालतो. आमिषापुढे कॅमेरा ठेवायचा आणि एका चौकटीत एकाच वेळी जास्तीत जास्त किती शार्क आले ते टिपायचं. ठाणे खाडीच्या आणि मुंबई बंदराच्या गढूळ पाण्यात मात्र त्याला गाळाशिवाय काही दिसणार नाही. आपल्या किनाऱ्यावर हे काम धक्क्यावरच करावं लागतं, तेही लिलाव सुरू होण्याआधी. मासळी बाजारात गेलात तर उशीर झालेला असतो. नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या बाजारात मांडलेली मुशी बेलापूरच्या खाडीतली की दुसऱ्या बंदरावरून आलेली, हे पाटीकडे, म्हणजे मासळीच्या टोपलीकडे, बघून सांगता येत नाही.

पहिली अडचण ‘मुशी’ या एका ढिगाची. त्यात बहुतेक वेळा चपट्या, फावड्यासारख्या नाकाची छोटी मुशी असते, म्हणजे स्कोलिओडॉन लॅटिकॉडस. ती साधारण ३५ सेंटिमीटरला वयात येते. त्याच पाटीत तेवढ्याच लांबीची कानमुशी, म्हणजे हॅमरहेड, पडलेली असू शकते, पण ती नुकतं जन्मलेलं पिल्लू असते. स्कॅलप्ड हॅमरहेडची मादी दोन मीटरच्या पुढे गेल्यावर वयात येते. दोन्ही ‘मुशी, २० किलो’ म्हणून वहीत गेल्या, तर एकीकडे प्रौढ मासे आणि दुसरीकडे एका अतिसंकटग्रस्त जातीची पिल्लं, हा फरकच पुसला जातो. दूधमुशी (मिल्क शार्क) या दुसऱ्या छोट्या जातीचाही घोळ होतो. तिथे पाठीचा पहिला पर बघा. स्कोलिओडॉनमध्ये त्याचं मागचं टोक पोटपरांच्या बुडाच्या वर येतं, दूधमुशीत ते पोटपरांच्या अलीकडेच संपतं.

मोजताना मुशी सपाट फळीवर ठेवा, शेपटीचं वरचं पातं शरीराच्या रेषेत ओढा आणि नाकाच्या टोकापासून सरळ लांबी घ्या. टेप अंगावरून फिरवली तर पोटाच्या फुगवट्याने आकडा वाढतो, आणि गाभण माद्यांमध्ये तर जास्तच. पाकटाची एकूण लांबी घेऊ नका, शेपटी बहुतेक वेळा बोटीवरच तोडलेली असते. दोन्ही पंखांच्या टोकांमधली रुंदी घ्या. नर ओळखायला पोटपरांच्या आतल्या बाजूच्या दोन दांड्या, म्हणजे क्लास्पर, दाबून बघा. कडक असतील आणि पुढच्या दिशेला सहज वळत असतील तर नर प्रौढ, मऊ असतील तर कोवळा. पोटाखाली, छातीच्या परांच्या मधे, नाळेची जखम उघडी दिसली तर पिल्लू नवजात आहे. ही एक नोंद आम्हाला फार मोलाची वाटते, कारण पिल्लं कोणत्या महिन्यात आणि कुठे जन्मतात याचा माग तिच्यावरूनच लागतो.

नमुना घेताना वरचे चार मोठे मासे उचलून मोजायचा मोह टाळा. विक्रीसाठी मोठे वर रचलेले असतात. विकणाऱ्या मावशींना विचारून एक अख्खी पाटी रिकामी करा, सगळं मोजा आणि पुन्हा तशीच भरून द्या. पाटी २० किलोची आणि बोटीवरची एकूण मुशी २०० किलोची असेल तर मोजलेल्या संख्येला १०ने गुणायचं. माल प्रतवारी होऊन आला असेल तर प्रत्येक प्रतीची वेगळी पाटी घ्या. बोटी कमी असतील, १५पर्यंत, तर सगळ्या बघा. जास्त असतील तर ठरलेल्या अंतराने निवडा, ओळखीच्या तांडेलाची, म्हणजे बोटीच्या म्होरक्याची, बोट म्हणून नव्हे.

आता सगळ्यात जास्त वेळा सुटणारी गोष्ट: मेहनतीची नोंद. ६० किलो पाकट चार दिवसांच्या फेरीत आले की दहा दिवसांच्या, हे माहीत नसेल तर त्या ६० किलोंना काही अर्थ नाही. तांडेलाला विचारा: किती दिवस, जाळ्याच्या किती ओढी, एक ओढ किती तास, किती वाव खोल पाण्यात, कुठल्या दिशेला. डोल जाळ्याच्या (प्रवाहात एका जागी रोवून ठेवायच्या पिशवीसारख्या जाळ्याच्या) बोटीला जाळी किती आणि भरती-ओहोटीच्या किती पाण्यांना लावली, हे विचारायचं. ट्रॉलर (जाळं ओढत नेणारी बोट) आणि डोल यांचे आकडे एका रकान्यात कधीही मिसळू नका. उरणजवळच्या करंजा बंदराला उतरलेला मासा करंजासमोरच पकडलेला असेल असंही गृहीत धरू नका.

डोकं आणि पर छाटलेल्या धडावरून जात ठरवायचा हट्ट नको. ‘अनिश्चित’ लिहा. परवानगी असेल तर डीएनएवरून जात ठरवायला सेंटिमीटरभर मांस ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा, मांसाच्या निदान दहापट द्रव हवा. फॉर्मलिन वापरलंत तर डीएनए खराब होतो आणि नमुना वाया जातो.

व्हेल शार्क आणि करवत मासा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांचा तुकडाही परवानगीशिवाय घ्यायचा नाही. असा प्राणी जाळं कापून जिवंत सोडला तर महाराष्ट्रात मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते, आणि त्यासाठी सोडतानाचे फोटो लागतात. खलाशांना एवढंच सांगून ठेवा की फोटोत बोटीची कड दिसू द्या आणि त्याच वेळी जीपीएसचा आकडाही टिपून घ्या. कडेवरून लांबीचा अंदाज काढता येतो, आणि भरपाईच्या अर्जासोबत जागा, तारीख व आकार असलेली एक पक्की नोंदही हाती येते.