आमची वाटचाल : प्लॅटफॉर्मची फी, चार तास आणि ती पानं

ऑडिओ ऐकून त्याचं ट्रान्सक्रिप्ट करणं हे आमचं काम. एकाच वेळी तिघं बोलतायत, मागे पंखा घरघरतोय, अशी फाइल ज्यांनी उतरवली आहे त्यांना यातली मेहनत सांगायला नको. सुरुवातीला आम्ही दोघंच, मी आणि माझी भागीदार. कान पूर्ण झाकणारे हेडफोन, यूएसबीचं फूट पेडल आणि एक्स्प्रेस स्क्राइब हे ऑडिओ ऐकत टाइप करायचं सॉफ्टवेअर. पेडल दाबताना फाइल दोन सेकंद मागून सुरू व्हायची, ते सेटिंग आजही तसंच आहे. नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो, थांबवायचं ते पायानं, बोटं की-बोर्डवरून उठता कामा नयेत.

तासाभराच्या मुलाखतीला सरावलेल्या माणसालाही साधारण चार तास लागतात. काम मिळवून देणारे ऑनलाइन प्लॅटफॉर्म आमच्या कमाईतून जी फी कापतात, तिच्याकडे म्हणून आम्ही नेहमी वेळेच्या हिशोबानं पाहिलं. 20 टक्के म्हणजे चार तासांतली 48 मिनिटं. फायव्हर आणि अपवर्क हे असे दोन प्लॅटफॉर्म. फायव्हर विक्रेत्याकडून, म्हणजे काम करणाऱ्याकडून, आजही 20 टक्के घेतं. अपवर्कवर 2016 पासून एका क्लायंटच्या पहिल्या 500 डॉलरांवर 20 टक्के, त्यापुढे 10,000 डॉलरांपर्यंत 10 आणि त्याही पुढे 5 टक्के अशी उतरती फी होती. 2023 मध्ये ती सरसकट 10 टक्के झाली आणि 2025 पासून नव्या कामांना 0 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान बदलती फी आली. मला विचाराल तर उतरती पद्धतच न्यायाची होती. अनोळखी माणसाशी गाठ घालून देण्याचे पैसे द्यावेत, त्याचं काही वाटत नाही. पण क्लायंट टिकतो तो आमच्या कामामुळे. पाचव्या वर्षीही त्याच्यावर पहिल्या दिवसाइतकीच फी का?

दर ठरवताना एक लक्षात ठेवा. हातात 100 हवे असतील आणि फी 20 टक्के असेल, तर 120 सांगून भागत नाही. 125 सांगावे लागतात.

आम्ही बुडता बुडता वाचलो ते एका मोठ्या कामात. मुलाखतींचा संच होता, ठरलेल्या रकमेचा, एका प्लॅटफॉर्मवरून आलेला. नाव घेत नाही. निम्म्याहून जास्त फाइली दिल्यावर क्लायंटनं दर्जाची तक्रार केली. तक्रारीत एकाही फाइलचं नाव नव्हतं, एकाही ओळीचा उल्लेख नव्हता. चौकशी संपेपर्यंत प्लॅटफॉर्मनं आमचं खातं गोठवलं. बाकीच्या क्लायंटचे पैसे त्यात अडकले आणि त्यांना साधा निरोपही पाठवता येईना. इतकी वर्षं फी भरूनही फोन उचलायला तिकडे माणूस नव्हता, ठरावीक उत्तरं तेवढी येत राहिली. भागीदारानं त्या काळात रात्री दुसरीकडचं टायपिंग घेतलं आणि आमच्या मुलांचे पगार भागवले. हे मी विसरणार नाही.

उरलेलं काम गेलं एका प्रतिस्पर्धी फर्मकडे, निम्म्या दरात. मशीननं काढलेला मसुदा वरवर सारखा करून द्यायचा, ही त्यांची रीत. पुढे त्यांच्या प्रोफाइलवर नमुना म्हणून काही पानं झळकली. अस्पष्ट शब्दाला चौकटी कंसात टाइमकोड, हसण्याला वेगळी खूण, बोलणाऱ्याचं नाव ठळक अक्षरांत. आमच्या स्टाइलशीटमधली, म्हणजे खुणा आणि मांडणीच्या आमच्या नियमावलीतली, प्रत्येक खूण त्यात होती.

एक गोष्ट मात्र मान्य केलीच पाहिजे. एस्क्रोमध्ये, म्हणजे काम होईपर्यंत क्लायंटचे पैसे प्लॅटफॉर्मकडे राखून ठेवतात त्या खात्यात, आधीच जमा झालेल्या टप्प्यांचे पैसे शेवटी आम्हाला मिळाले, कारण प्रत्येक फाइलची नोंद आम्ही पुढे ठेवली. थेट काम असतं तर तेही गेले असते. म्हणून कोणी विचारो न विचारो, मी सांगतो : टप्प्याचे पैसे एस्क्रोत पडल्याशिवाय पेडलवर पाय ठेवू नका.

त्या काळात आम्हाला शोधत आली ती एकच क्लायंट, मौखिक इतिहासावर काम करणाऱ्या संशोधक बाई. आमच्या प्रत्येक ट्रान्सक्रिप्टच्या वर फर्मचं नाव असतं. त्यावरून त्यांनी आमचा पत्ता काढला. तेव्हाही आम्ही प्लॅटफॉर्म चुकवून काम घेतलं नाही. ओळख करून दिल्यापासून ठरावीक काळ व्यवहार आपल्याच मार्फत व्हावेत अशी अट बहुतेक ठिकाणी असते. अपवर्कवर तो काळ दोन वर्षांचा आहे. आमची मुदत संपली आणि मगच बाईंचं काम थेट सुरू झालं. थेट म्हणजे फुकट नव्हे. बँकेचं शुल्क आहे, चलन बदलताना कापलं जातं, बिलाची आठवण आपणच करायची. तरीही ते सगळं मिळून 48 मिनिटांच्या जवळपाससुद्धा जात नाही.

नवा क्लायंट आम्ही अजूनही प्लॅटफॉर्मवरूनच घेतो आणि पहिल्या कामाची फी कुरकुर न करता भरतो. खातं परत सुरू झालं, कामही वाढलं. त्या प्रतिस्पर्ध्याच्या प्रोफाइलवर तो नमुना मात्र अजून आहे. आम्ही दोनदा लेखी तक्रार केली, काही झालं नाही. ती पानं आमची आहेत.