येळवशीची आंबील

मार्गशीर्ष अमावस्येला लातूर शहर ओस पडतं. दुकानं बंद, आणि सकाळपासून औसा, रेणापूर, निलंग्याच्या रस्त्यांवर मोटारसायकली, टेम्पो, ट्रॅक्टर भरभरून माणसं आपापल्या रानाकडे निघालेली. ही वेळा अमावस्या. इथं सगळे येळवस म्हणतात. बाहेरचे पाहुणे त्या दिवशी येतात, भज्जी-भाकरी खातात, आंबील पितात आणि जातात. पण आंबील होते कशी ते बघायचं, तर आदल्या दिवशीच गावात पोचायला हवं. मी चतुर्दशीला औशाहून लामजन्याच्या रस्त्याला लागलो. दोन्ही अंगांना काळी रानं, त्यात हरभरा आणि कंबरेवर आलेली ज्वारी. रस्ता सोडून थोडं आत गेलं की गाव.

घरात पीठ आदल्या रात्रीच भिजत घातलेलं होतं. पाच लिटर आंबिलीचा हिशेब असा: ज्वारीचं पीठ पाव किलो, ते भिजवायला एक लिटर पाणी, शिजवायला दोन लिटर आणि आंबट ताक दोन लिटर. ज्वारी शक्यतो मालदांडी, पीठ ताजं दळलेलं. जुनं पीठ खवट लागतं आणि आंबल्यावर तो खवटपणा आणखीच उठून दिसतो. पीठ कोमट पाण्यात हातानं कालवून, गुठळी राहू न देता, मातीच्या भांड्यात चुलीजवळ ठेवतात. या दिवसांत रात्री गारठा असतो, त्यामुळे बारा-चौदा तास सहज लागतात. उन्हाळ्यात हेच काम सात-आठ तासांत होईल.

झाकण काढलं तेव्हा वर पातळ, पिवळसर पाणी आलेलं होतं आणि कडेनं बारीक बुडबुडे एकेक करून फुटत होते. वास आंबट, पण स्वच्छ. ही खूण. पिठातलेच सूक्ष्मजीव साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आम्लामुळे नासवणारे जंतू मागे हटतात. बुडबुडे नसतील तर आणखी तीन-चार तास थांबायचं. घाईनं शिजवलं की आंबील नुसती ताक घातलेली पेज होते.

"दादा, दह्यानं आंबट केली की जिभेवरच राहती. पिठाला रात्र द्यावी लागती," चुलीपुढच्या आजी म्हणाल्या. मला हे शंभर टक्के पटतं. हल्ली बरेच जण पीठ न आंबवता शिजवतात आणि त्यात दही फेटून घालतात; त्याला येळवशीची आंबील म्हणू नये.

आंबट फार झालं असेल तर वरचं पाणी थोडं ओतून टाकतात आणि तेवढंच साधं पाणी घालतात. मग दोन लिटर पाणी उकळायला ठेवून, आधण आलं की पीठ ढवळून बारीक धारेनं सोडायचं. एका हाताची धार आणि दुसऱ्या हाताचं ढवळणं, दोन्ही थांबता कामा नये. नाहीतर गोळे होतात, त्यांच्या पोटात पीठ कच्चंच राहतं आणि मग आंबिलीच्या तळाशी चोथा बसतो. दहा-बारा मिनिटांत कच्चा वास जाऊन चकाकी येते.

यानंतर धीर धरावा लागतो. पेज बोट बुडवता येईल इतकी निवल्याशिवाय ताक घालायचं नाही. गरम पेजेत ताक फुटतं आणि आंबील रवाळ होते. ताक लोणी काढलेलं, दोन-तीन दिवसांचं. त्यात पंधरा-वीस लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा, चार हिरव्या मिरच्या आणि जिरं हे सगळं ठेचून. वर चार लहान चमचे मीठ. मीठ शेवटीच. भिजवतानाच जास्त पडलं तर आंबणं मंदावतं.

भांड्याचा मुद्दा महत्त्वाचा. आंबील रात्रभर राहते ती मातीच्या बिंदग्यात, म्हणजे मडक्यात. बिंदगं नवं असेल तर एक दिवस पाण्यात बुडवून ठेवतात, नाहीतर ते आंबिलीचंच पाणी पितं. कल्हई गेलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात ठेवली तर आंबटपणानं कळकते आणि पोटाला बाधते. बिंदगं गळ्यापर्यंत भरायचं नाही, वरची चौथाई मोकळी ठेवायची, कारण पहाटेपर्यंत आंबील फुगते. तोंडाला फडकं बांधतात. घट्ट झाकण बसवत नाहीत.

अमावस्येला घोंगडी पांघरलेला गडी ते बिंदगं डोक्यावर घेऊन रानात निघतो. रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, तेच पाच पांडव. पूजा आटोपली की पंगत: तुरीचे, हरभऱ्याचे ओले दाणे घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि तांब्यानं वाढलेली आंबील. बिंदगं कोपीच्या सावलीत, ओल्या मातीत थोडं रुतवलेलं; उन्हात राहिलं तर दुपारी दोनपर्यंत आंबील ओठ आखडतील इतकी आंबट होते. दोन तांबे पोटात गेले की झोप येते, म्हणून जेवण झाल्यावर बांधावरच्या झाडाखाली घोंगड्या पसरलेल्या दिसतात.

उरलेली आंबील संध्याकाळपर्यंत संपवावी. दुसऱ्या दिवशी चमच्याला तार आली, किंवा वर हिरवी-गुलाबी बुरशी दिसली, तर वरवर काढून पिऊ नये, सगळीच ओतून द्यावी.

बघायला जाणार असाल तर मुक्काम आदल्या रात्रीचाच धरा, शक्यतो गावातल्या ओळखीच्या घरी. अमावस्येला लातुरात हॉटेलंसुद्धा बरीचशी बंद असतात. ऊन चढायच्या आत रानात पोचलात तर बिंदग्यातला पहिला तांब्या मिळतो, आणि तोच सगळ्यांत चांगला.