तुम्ही विचारलंत म्हणून : टायगर खरी की अल्पाइनचं सोंग?

ब्रिटन-अमेरिकेतून सनबीम टायगर ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेऊ पाहणारे हटकून विचारतात, ‘गाडी अस्सल आहे, की कुणी सनबीमच्याच साध्या अल्पाइनमध्ये व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) बसवून टायगर केली आहे, हे ओळखायचं कसं?’

आधी हे सोंग इतकं सोपं का, ते बघा. सनबीम गाड्या काढणाऱ्या रूट्स कंपनीने टायगर वेगळी घडवलीच नाही. अल्पाइनचीच बॉडी वेस्ट ब्रॉमविचला जेन्सनच्या कारखान्यात जायची आणि तिथे तिच्यात फोर्डचं व्ही-८ बसायचं. १९६४ ते १९६७ या काळात अशा जेमतेम सात हजार गाड्या निघाल्या. अल्पाइन मात्र त्याच्या दहापट. त्यात बहुतेक टायगरमधलं २६० घनइंची इंजिन फोर्डने फाल्कन, फेअरलेन आणि सुरुवातीच्या मस्टँगमध्येही घातलं होतं. त्यामुळे बॉनेट उघडल्यावर फोर्डचं इंजिन दिसलं, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

नंबरांची जुजबी ओळख असू द्या. मार्क वनचा, म्हणजे टायगरच्या पहिल्या आवृत्तीचा चेसी नंबर बी९४७ ने सुरू होतो, पुढे चारच आकडे. चौथ्या मालिकेतल्या अल्पाइनचा नंबरही बी९४ नेच सुरू होतो, पण त्यापुढे सहा आकडे असतात. घाईत पाहणारा इथेच चकतो. मार्क वन-ए आणि मार्क टू बी३८२ ने, तर पाचव्या मालिकेतली अल्पाइन बी३९५ ने सुरू होते. टायगरच्या नंबरामागचं ‘एफई’ म्हणजे फोर्ड इंजिन. शिवाय जेएएल अक्षरांची बॉडी नंबरची वेगळी पट्टी असते; अल्पाइनच्या पट्टीवर एसएएल असतं.

पण पट्ट्या काय, रिव्हेट तोडल्या की निघतात. नेहमीची लबाडी अशी : गंजून संपलेल्या खऱ्या टायगरच्या पट्ट्या आणि कागदपत्रं उचलायची, धडधाकट अल्पाइनच्या बॉडीवर चढवायची. कागद खरे, नंबर खरा, गाडी खोटी. म्हणून पत्रा वाचायला शिका.

सगळ्यात बोलका पत्रा फायरवॉलचा, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधला. व्ही-८ त्या जागेत मावत नव्हतं, म्हणून आधीच रंगवून आलेल्या बॉडीची फायरवॉल जेन्सनमध्ये चक्क घणाने ठोकून मागे सारत. ते काम नेटकं नाही, घाईचं आहे. टॉर्च तिरपा धरा म्हणजे पोचे दिसतील. तिथे पत्रा कापून नवा तुकडा सफाईने वेल्ड केलेला असेल, तर सावध व्हा. मात्र रिस्टोरेशनच्या नादात खऱ्या गाडीचे पोचेही कुणी लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत करून टाकतं, तेव्हा चुंबक फिरवून पाहा. लांबीच्या जाड थरावर तो धरत नाही.

मग गालिचा उचला. मागच्या टोकाचा एक स्पार्क प्लग इंजिनाच्या बाजूने हाताला लागतच नाही. त्यासाठी फायरवॉलला भोक आणि त्यावर रबरी बूच असतं. नुसतं भोक पाहून हुरळू नका, ड्रिल काय कुणीही चालवतं. कडा तपासा : कापलेला पत्रा ताजा दिसतो का, आसपासचे रंगाचे जुने थर कडेपर्यंत येतात का?

डिकीत टायगरची स्टेपनी खोट्या तळाखाली आडवी असते आणि बॅटरीही डिकीतच. अल्पाइनची स्टेपनी उभी, बॅटरी आत मागच्या सीटखाली. गाडी रॅम्पवर घेतलीत की पुढे रॅक-पिनियन स्टिअरिंग आणि मागच्या एक्सलला पॅनहार्ड रॉड (एक्सल बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) दिसायला हवा. अल्पाइनचं जुनं रिसर्क्युलेटिंग बॉल स्टिअरिंग दिसलं तर तिथेच थांबा. हे सगळं जागेवर असलं, तरी हे सुटे भाग बोल्टने बसतात आणि भंगारात गेलेल्या टायगरमधून मिळतात, हे विसरू नका. रॉडचा बॉडीकडचा ब्रॅकेट बघा, त्याचं वेल्डिंग आजूबाजूच्या पत्र्याइतकं जुनं आहे का.

एकाच खुणेवर निकाल देऊ नये. अमेरिकेतली सनबीम टायगर ओनर्स असोसिएशन बॉडी तपासून ‘टीएसी’ नावाचं प्रमाणपत्र देते. तपासनीस एकटा नसतो, आणि त्यांच्या काही खुणा मुद्दाम जाहीर केलेल्या नाहीत. जाहीर केल्या तर नकला करणाऱ्यांचं आयतंच फावेल. पण हे प्रमाणपत्र बॉडीपुरतं आहे. इंजिन मूळचंच आहे, अशी हमी त्यात नाही. गाडीवरच्या टीएसी स्टिकरवर विसंबू नका, क्लबच्या नोंदीशी ताडून घ्या.

व्ही-८ बसवलेली अल्पाइन वाईट गाडी असते असं मुळीच नाही. चालवायला तीही मजेची; फक्त दाम अल्पाइनचा द्या. फायरवॉल दोन्ही बाजूंनी, डिकीचा तळ, दोन्ही पट्ट्या आणि मागचा एक्सल यांचे फोटो आधीच मागवा. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर तिकिटाचा खर्च वाचला. इसार देताना ‘जेन्सनने बांधलेली टायगर’ असं लेखी घ्या, आणि तपासणीत तसं निघालं नाही तर इसार परत, हेही त्याच कागदावर घाला.