आयोवातलं गॅरेज आणि कॉम्प्रेसर: टाकीवर भुलू नका, पाटी वाचा

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात घराला दोन गाड्यांचं गॅरेज असतं आणि शेतावर पत्र्याची उंच शेड. दोन्हीकडे एअर कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून टाकीत भरणारं यंत्र, बहुतेक दिसतोच. आपल्याकडे कोपऱ्यावर पंक्चरवाला असतो, तो हवा भरून देतो, नट सोडवून देतो. इथे मजुरी इतकी महाग की टायर बदलणं, कुंपणाला रंग देणं, नांगराचा गंज काढणं हे लोक घरच्या घरीच करतात. त्यामुळे आपली मराठी मंडळीही घर घेतल्यावर वर्ष-दोन वर्षांत हार्डवेअरच्या दुकानात कॉम्प्रेसरच्या रांगेसमोर उभी राहतात. तिथे निवड चुकते ती बहुधा एकाच कारणाने: नजर टाकीच्या आकारावर आणि हॉर्सपॉवरच्या स्टिकरवर जाते. बघायचा असतो तो ९० पीएसआयला मिळणाऱ्या सीएफएमचा आकडा, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा येते ते. पीएसआय हे दाबाचं माप, चौरस इंचाला किती पौंड ते.

आधी विजेचा हिशेब. भिंतीतल्या साध्या सॉकेटला इथे १२० व्होल्ट आणि १५ अँपिअर. गुणाकार केला की १८०० वॅट. ७४६ ने भागलं की २.४ हॉर्सपॉवर, आणि तीसुद्धा मोटरमध्ये शिरणारी वीज. मोटरमधला तोटा वजा करा, ब्रेकर सारखा पडू नये म्हणून थोडा हात राखा, की प्रत्यक्ष पंप फिरवायला दीड, फार तर पावणेदोन हॉर्सपॉवर उरते. साध्या प्लगवर चालणाऱ्या यंत्रावर ‘६ हॉर्सपॉवर पीक’ लिहिलेलं असलं तरी त्यातला ‘पीक’ हा क्षणभराचा असतो. अशा यंत्रातून ९० पीएसआयला ४ ते ५ सीएफएम हवा मिळते, मग टाकी केवढीही असो.

आता टाकीचं. विहीर कितीही खोल खणली तरी झरा बारीक असेल तर उपसल्यावर ती थोड्या वेळात कोरडीच पडते. टाकी म्हणजे विहिरीची खोली आणि कॉम्प्रेसरचा पंप म्हणजे झरा. आकड्यांत सांगायचं तर २० गॅलनची, म्हणजे ७५ लिटरची टाकी घ्या. कॉम्प्रेसर १३५ पीएसआयला थांबतो, १०५ ला पुन्हा सुरू होतो, ४ सीएफएम देतो. त्यावर ११ सीएफएम खाणारा सँडर (घासून गुळगुळीत करायचं हत्यार) लावला तर दाब ९० च्या खाली यायला मिनिटभरही लागत नाही. टाकी तिप्पट करून ६० गॅलनची लावली आणि पंप तोच ठेवला तर जेमतेम पावणेतीन मिनिटं मिळतात, आणि नंतर तेवढी मोठी टाकी पुन्हा भरायची वाट बघत बसायचं.

म्हणून खरेदी उलट्या बाजूने करावी. आपल्या कामातलं सगळ्यात खादाड हत्यार कोणतं ते आधी ठरवा. खिळे मारायच्या गनला २ सीएफएम पुरतात, टायरला हवा भरायला त्याहून फारसं लागत नाही. नट सोडवायच्या अर्ध्या इंची इम्पॅक्ट गनवर ४–५ सीएफएम छापलेलं असतं, पण तो सरासरीचा आकडा आहे, मिनिटातले पंधराएक सेकंद ट्रिगर दाबला असं धरून काढलेला. ट्रिगर दाबून धरलात तर ती चौपट हवा ओढते. चाकाचे पाच नट थांबत थांबत काढायचे असल्याने लहान टाकीवरही निभतं. सँडर, डाय ग्राइंडर आणि रंगाची मोठी स्प्रे गन यांचं तसं नाही. ती सलग चालतात, त्यांना ८ ते १४ सीएफएम लागतात. वाळूच्या फवाऱ्याने गंज काढायचं सँडब्लास्टिंग तर वेगळंच प्रकरण: एक अष्टमांश इंचाचा नोझल ९० पीएसआयला १८ च्या आसपास सीएफएम खातो, आणि वाळूने झिजून त्याचं भोक मोठं होत जातं तसतशी भूक वाढते. गंज काढायचा हाच मुख्य उद्देश असेल तर साध्या प्लगवरच्या कॉम्प्रेसरचा विचारच सोडावा. खिळे, टायर, फुंकर मारणे एवढंच असेल तर उलट मोठं यंत्र घेऊन पैसे घालवण्यात अर्थ नाही. सहा-आठ गॅलनचा छोटा पुरतो.

छोट्यातही दोन जाती आहेत. तेल न लागणारा, थेट मोटरला जोडलेला स्वस्त पंप ८५–९० डेसिबलने किंचाळतो. गॅरेजच्या भिंतीला लागून झोपायची खोली असेल तर रात्री तो लावायची सोय नाही. कमी वेगाने फिरणारे ‘शांत’ तेलविरहित पंप आता ६०–७० डेसिबलमध्ये मिळतात, हलक्या कामाला तेच घ्यावेत. रोजच्या कामाला मात्र ओतीव लोखंडाचा, पट्ट्यावर चालणारा, तेलाचा पंप. त्याचे व्हॉल्व्ह, रिंगा, गॅस्केट सुटे मिळतात. तेलविरहित पंपाची रिंग गेली की बहुतेक वेळा अख्खा पंपच बदलणं परवडतं.

सँडर किंवा स्प्रे गन चालवायची तर २४० व्होल्टवर जावं लागतं. इथल्या घरात ते नसतं असं नाही. कपडे वाळवायचं यंत्र आणि विजेची शेगडी त्यावरच चालते, फक्त गॅरेजात नवी लाइन ओढून घ्यावी लागते. इथेही मोटरवरची पाटी वाचायची. खऱ्या ५ हॉर्सपॉवरच्या सिंगल फेज मोटरच्या पाटीवर २१ ते २४ अँपिअर असतात. ‘५ एचपी एसपीएल’ (एसपीएल म्हणजे ‘स्पेशल’) असं लिहून खाली १५ अँपिअर असतील तर ती प्रत्यक्षात पावणेचार हॉर्सपॉवरच्या आसपासची मोटर आहे. तीही वाईट नाही, त्यातून ११ च्या आसपास सीएफएम मिळतात आणि घरच्या वर्कशॉपचं बरंच काम भागतं. फक्त ५ चे पैसे देऊ नयेत. खऱ्या ५ च्या मोटरला साधारण ८ गेजची तांब्याची तार आणि ४०–५० अँपिअरचा ब्रेकर लागतो. नेमकं काय ते मोटरची पाटी बघून इलेक्ट्रिशियन ठरवेल, परवान्याचंही तोच सांगेल. आणि एक्स्टेंशनची वायर लावून कॉम्प्रेसर लांब नेऊ नका. वायरीत व्होल्टेज पडतं, मोटर सुरू होताना गुरगुरते, तापते, जळते. लांब न्यायची ती हवेची नळी, पाऊण इंचाची असो वा तीन अष्टमांशची. पाव इंची नळीवर इम्पॅक्ट गन ढिली चालते आणि दोष गनला दिला जातो.

शेतावरचा हिशेब आणखी वेगळा. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला दाब जेमतेम १२ ते २० पीएसआय लागतो, पण आत हवा प्रचंड मावते. म्हणजे तिथे सीएफएम हवेत. धान्य वाहणाऱ्या ट्रकच्या टायरला याच्या उलट, १०० ते ११० पीएसआय. १२५ ला थांबणारा आणि ९५ ला सुरू होणारा एकटप्पी कॉम्प्रेसर तिथे रडतो. टाकीतला दाब टायरपेक्षा खाली आला की हवा पुढे जातच नाही. म्हणून शेताच्या शेडमध्ये १७५ पीएसआयचा दोनटप्पी पंप आणि ८० गॅलनची उभी टाकी घेतात. एका सिलिंडरमध्ये हवा अर्धवट दाबायची, मधल्या नळीत थंड करायची आणि दुसऱ्या छोट्या सिलिंडरमध्ये पूर्ण दाबायची. खऱ्या ५ हॉर्सपॉवरला त्यातून १५ ते १८ सीएफएम निघतात.

इथे एक गोष्ट आपल्या शेतकऱ्यांना उलटी वाटेल. महाराष्ट्रात विहिरीच्या मोटरला थ्री फेज येतो, कधी दिवसा तर कधी रात्री पाळीने, पण येतो. आयोवातल्या बहुतेक शेतांवर वीज चोवीस तास असते, पण सिंगल फेज. थ्री फेज ओढून आणायचा खर्च शेतकऱ्याच्या माथी बसतो. त्यामुळे बंद पडलेल्या कारखान्यातले उत्तम थ्री फेज कॉम्प्रेसर लिलावात स्वस्तात जातात. असा सौदा घ्यायचा तर दोन वाटा आहेत: मोटर काढून सिंगल फेजची बसवणे, किंवा व्हीएफडी लावणे, म्हणजे मोटरला थ्री फेज बनवून देणारा आणि तिचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक डबा. व्हीएफडी सिंगल फेजवर चालवायचा तर मोटरच्या दुप्पट क्षमतेचा घ्या, ५ ला १० हॉर्सपॉवरचा. आणि टाकीतल्या दाबानुसार मोटर चालू-बंद करणारा प्रेशर स्विच मोटर व व्हीएफडीच्या मध्ये जोडू नका, व्हीएफडी तिथेच उडतो. स्विचच्या तारा त्याच्या कंट्रोल टर्मिनलला द्यायच्या. तेल उडवून वंगण होणाऱ्या पंपाचा वेगही पाटीवरच्या किमान फेऱ्यांखाली नेऊ नये, वरच्या भागाला तेल पोचत नाही.

आता पाणी, ज्याचा विचार खरेदीच्या दिवशी कोणीच करत नाही. जुलैत इथे मक्याची शेतं इतकी वाफ सोडतात की हवा कोकणासारखी चिकट होते. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता धरली तर घनमीटरमागे २४ ग्रॅम पाणी. १० सीएफएमचा पंप तासाला १७ घनमीटर हवा ओढतो, त्यातलं तिसरा हिस्सा लिटर पाणी टाकीत आणि नळीत उतरतं. स्प्रे गनमधून तेच रंगावर माशाच्या डोळ्यासारखे डाग पाडतं. पंपातून निघालेली हवा गरम असते, पाणी वाफेच्या रूपात असतं, आणि साधा फिल्टर वाफ अडवत नाही. फिल्टर कॉम्प्रेसरलाच चिकटवून लावला तर तो कोरडा राहतो आणि पाणी पुढे गनमध्ये. आधी दहा-पंधरा मीटर धातूच्या पाइपातून हवा थंड होऊ द्या, पाइपाला किंचित उतार द्या, प्रत्येक फांदी मुख्य पाइपाच्या वरच्या अंगाने काढा, खालच्या टोकाला ड्रेन, म्हणजे पाणी काढायची तोटी, ठेवा, मग फिल्टर. टाकी रोज काम संपल्यावर रिकामी करायची. तळाचा ड्रेन वाकून फिरवायचा असल्याने लोक तो टाळतात, म्हणून तिथे एल्बो आणि पाइपाचा तुकडा लावून बॉल व्हॉल्व्ह हाताशी आणून ठेवा.

पाइप तांब्याचा, काळ्या लोखंडाचा किंवा कॉम्प्रेस्ड एअरसाठीच बनवलेला ॲल्युमिनियमचा. पीव्हीसी नको. ठिबकचा उरलेला पाइप शेडमध्ये पडलेला असतो, त्यावर दाबाचा मोठा आकडाही छापलेला असतो, पण तो पाण्यासाठी. दाबलेली हवा साठवलेली ताकद सोडते तेव्हा पीव्हीसीचे सुरीसारखे तुकडे उडतात. ओशा या अमेरिकी कामगार-सुरक्षा खात्याने १९८८ सालीच जमिनीवरच्या हवेच्या लाइनला पीव्हीसी न वापरण्याबद्दल पत्रक काढलं होतं. टाकीचंही तसंच. गंजून सुईएवढं भोक पडलं तर वेल्डिंग करू नका. भोकाभोवतीचा पत्रा आतून तेवढाच पातळ झालेला असतो. टाकी भंगारात, पंप आणि मोटर नव्या टाकीवर.

जानेवारीत शेडमध्ये तापमान उणे २० पर्यंतही उतरतं. पंपातलं तेल घट्ट होतं, मोटर हुंकारते आणि ब्रेकर पडतो. थंडीत पंपाच्या पुस्तिकेला चालेल असं सिंथेटिक कॉम्प्रेसर ऑइल घाला, किंवा आयएसओ १०० ऐवजी त्याहून पातळ ६८. गाडीचं डिटर्जंटवालं तेल पंपवाले बहुधा नको म्हणतात. ब्रेकर उन्हाळ्यातही पडत असेल तर कान द्या. कॉम्प्रेसर थांबला की प्रेशर स्विचपाशी एक-दोन सेकंद फुस्स असा आवाज यायला हवा. तो आलाच नाही तर पंपात उरलेली हवा सोडून देणारा अनलोडर अडकला आहे, आणि पुढच्या वेळी मोटरला दाबाविरुद्ध सुरू व्हावं लागतं. फुस्स थांबतच नसेल तर टाकीतली हवा मागे येऊ न देणारा, टाकीच्या तोंडाचा चेक व्हॉल्व्ह गळतोय. लोक अनलोडर बदलतात आणि गळती तशीच राहते. थंडीत स्विचला जाणाऱ्या बारीक नळीत पाणी गोठलं तर स्विचला दाब कळत नाही, कॉम्प्रेसर थांबत नाही आणि शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. त्या व्हॉल्व्हची कडी अधूनमधून ओढून बघायची ती याचसाठी.

जुना घेताना विकणाऱ्याचं ऐकत बसण्यापेक्षा घड्याळ लावा. टाकीचे लिटर गुणिले वाढलेला दाब किलोमध्ये (चौरस सेंटिमीटरला किलो), भागिले मिनिटं, की मिनिटाला लिटर हवा मिळते. २८.३ ने भागलं की सीएफएम. १६० लिटरची टाकी ६ किलोवरून ८ वर जायला दीड मिनिट घेत असेल तर ७ सीएफएमच्या थोडं वर. ही परीक्षा गावाकडे जास्तच कामाची, कारण तिथल्या पाट्यांवर बरेचदा पिस्टनचं विस्थापन, म्हणजे पिस्टन हिशेबाने किती हवा ढकलतो ते, छापलेलं असतं. हातात येणारी हवा त्याच्या साठ ते पंचाहत्तर टक्केच असते. त्याशिवाय ड्रेन उघडून बघा. लालसर पाणी थोडं आलं तर ठीक, गंजाच्या खपल्या आल्या तर परत फिरा.

बरेच जण परत जाताना हे सगळं कंटेनरमध्ये टाकायचं म्हणतात. हवेची हत्यारं जरूर न्या, कॉम्प्रेसर इथेच विका. १२० व्होल्टची मोटर तिकडे लागत नाही, आणि २४० वाली ५० हर्ट्झवर सहात एक भाग हळू फिरते, तापतेही जास्त. हत्यारं नेताना मात्र आटे तपासा. अमेरिकेत पाव इंची एनपीटी (तिथल्या पाइपाच्या आट्यांचं प्रमाण), इंचाला १८ आटे, ६० अंशाचे. आपल्याकडे बीएसपी हे ब्रिटिश प्रमाण, १९ आटे, ५५ अंशाचे. दोन-तीन फेरे बसतात, वाटतं जमलं, आणि टेप कितीही गुंडाळला तरी हवा गळत राहते. निघण्यापूर्वी प्रत्येक हत्याराला एनपीटीवरून बीएसपीचा पितळी अडॅप्टर लावून ठेवा.