मागची बाजू

लग्नसराई लागली की येवल्यात पैठणी घेणाऱ्यांची रीघ लागते. आमचं दुकान नाही, घरात दोन माग आहेत. ओटीवरच्या मागावर मी बसते, आतल्या खड्डामागावर, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या मागावर, सासरे. तरीही कुणी ना कुणी पत्ता विचारत येतंच. मागच्या मार्गशीर्षात अशाच एक मावशी आल्या. जामखेडकडच्या. पहाटे निघून, नगरला एसटी बदलून आलेल्या. अंगावर धुऊन धुऊन मऊ पडलेलं जुनं इरकल आणि छातीशी धरलेला साडीचा खोका.

"पोरी, धागा निघालाय. रफू करून मिळंल का? आठ दिवसांवर लग्न आलंय."

साखरपुड्याला होणाऱ्या सुनेला ती साडी नेसवली होती. पदर सावरताना बांगडीत धागा अडकला आणि ओढला गेला.

मी मागावरून उठले, हात धुतले, पांढरी चादर अंथरून त्यावर पदर पसरला. रंग सुरेख होता. मोरपंखी अंग, जांभळा काठ, पदरावर मुनियांच्या, म्हणजे पोपटांच्या, रांगा, चोचीला लाल ठिपका. मधोमध एक हिरवा धागा वीतभर बाहेर आलेला आणि त्याच्या ओढीनं आजूबाजूची जर चुणलेली. धागा नेमका कुठून सुटलाय ते पाहायला मी पदर उलटा केला. तिथंच माझा हात थांबला.

पैठणीच्या पदराला उलट-सुलट नसतं. पुढून जो पोपट दिसतो तोच मागून दिसतो. कारण आमच्याकडे प्रत्येक रंगाची तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी कांडी, वेगळी. भरलेला पदर असला की मागाच्या रुंदीभर तीस-चाळीस तिल्ल्या मांडलेल्या असतात. हिरवं रेशीम पोपटाच्या पोटापर्यंत जातं, तिथं जरीच्या धाग्यात अडकतं आणि माघारी फिरतं. जर तिच्या हद्दीतून परत फिरते. एक रंग दुसऱ्याच्या अंगणात जात नाही. म्हणून पाठीमागे मोकळा धागा राहत नाही. (काठाला आमच्याकडेही पुष्कळ ठिकाणी नक्षी आपोआप उठवणारे जॅकार्डचे पुठ्ठे लावतात, ते मी लपवत नाही. पदर मात्र बोटांनीच भरायचा असतो.)

या साडीच्या पाठीवर धाग्यांचं रान माजलं होतं. हिरवा धागा एका पोपटातून निघून पुढच्या पोपटापर्यंत मागच्या मागे मोकळाच धावत होता. मधल्या जागेत त्याला कशाचाच आधार नव्हता. बांगडी अडकली ती त्याच धाग्यात. हातानं विणलेल्या पदरात अडकायला असा धागा सापडलाच नसता. मावशी जी खोड काढून घ्यायला आल्या होत्या, त्या खोडीनंच साडी यंत्रमागावरची असल्याचं सांगितलं होतं.

"केवढ्याला घेतली, मावशी?"

"22 हजार. दोन वर्षं भिशी भरली. हाताची हाय म्हणून सांगितलं त्यांनी, येवल्याची."

दुकान कुठलं ते मी इथं लिहीत नाही.

खरं सांगते, पहिल्यांदा वाटलं की काही बोलू नये. धागा सुईनं मागे ओढून घ्यावा, दोन टाके घालावेत, लग्न सुखानं होऊ द्यावं. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "मागून पाहिलीस?" मी मान हलवली. "मग सांग. नाही सांगितलंस तर विकणाऱ्यात आणि आपल्यात काय फरक?"

मी सांगितलं. मावशींचा विश्वास बसेना. त्यांना विचारून त्या लोंबत्या धाग्याचं टोक कापलं आणि काडी लावली. रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. हा धागा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा, टणक मणी झाला. तो त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो दोन बोटांत दाबून पाहिला, पुन्हा दाबला. फुटला नाही.

बराच वेळ कुणीच बोललं नाही.

मग बाबांनीच, म्हणजे सासऱ्यांनी, हाक मारली. "ताई, इकडं या. खड्ड्याच्या काठावर बसा. आता हात कापडाखाली घाला."

त्या मागावर लाल पैठणीचा पदर चालू होता. मावशींनी वरून एका मुनियेवर बोट ठेवलं आणि दुसरा हात खालून नेऊन तीच मुनिया चाचपली. वरचं बोट आणि खालचं बोट समोरासमोर आलं. पंख, पोट, शेपटी, खालूनही सगळं तसंच गुळगुळीत. त्या डोळे मिटून किती तरी वेळ हात फिरवत राहिल्या.

"ह्यो एक पोपट कधी सुरू केला, दादा?"

"सकाळी बसलो तेव्हा."

तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. भरल्या पदराला दिवसाकाठी दीड-दोन इंच काम झालं तर आम्ही समाधानी असतो.

यंत्रमागाबद्दल माझ्या मनात अढी नाही. त्यावरही माणसांची पोटं आहेत. स्वस्त साडी हवी असणाऱ्या बाईला ती मिळावी. पण ती यंत्राची म्हणून, यंत्राच्या भावानं विकावी. 1985 च्या कायद्यानं काही प्रकारचं कापड हातमागासाठी राखून ठेवलंय, पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. सातवाहनांच्या पैठणचं नाव त्या साडीला आहे. ते नाव यंत्राच्या कापडावर चिकटवलं की मावशींची दोन वर्षांची भिशी जाते आणि आमची महिनोन्महिन्यांची मेहनतही जाते. गिऱ्हाईक मग आम्हालाच विचारतं, "तुमची एवढी महाग का?"

साडी होती तशी नीट करणं शक्य नव्हतं. सुटलेला धागा सुईनं मागे घेतला, चुणी बोटानं बसवली आणि पदराच्या पाठीला पातळ मलमलचं अस्तर टाकून दिलं, म्हणजे पुन्हा बांगडी अडकायला नको. त्याला तास-दीड तास लागला. पैसे घेण्याचा प्रश्नच नव्हता.

मावशी उठल्या तेव्हा बाबांचं लक्ष त्यांच्या पदराकडे गेलं.

"ताई, हे इरकल कुणाचं?"

"आईचं. लई जुनं झालंय. प्रवासाला आपलं बरं म्हणून नेसते." त्या ओशाळल्यासारख्या झाल्या.

बाबांनी अंग आणि लाल पदर जुळतो ती जागा त्यांना उलटी करून बघायला सांगितली. इरकलला अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा असतो, पदराचा वेगळा, आणि दोन्ही धागे फासात फास घालून जोडतात. तोप-टेणी म्हणतात त्याला. तिथं जवळून पाहिलं की बारीक फासांची एक ओळ आडवी जाताना दिसते. मावशींनी चष्मा पुसून पाहिली.

"एवढे फास हातानं?"

"एकेक हातानं. ही साडी अस्सल आहे, ताई. जपा."

त्या पुन्हा खाली बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मला हे कागदावर लिहून द्या. मी दुकानात जाऊन विचारणार हाय."

आता मात्र मी बाबांकडे पाहिलं. हा धंदा एकमेकांत गुंतलेला आहे. व्यापारी ऑर्डर देतात तेव्हा आमचा माग चालतो. असला कागद फिरत फिरत कुणाच्या हाती लागेल, सांगता येत नाही.

बाबा खड्ड्यातून वर आले. "तुकोबांनी सांगितलंय, देव कबीराच्या मागावर शेले विणायला बसला. तो बसतो त्या जागेवर बसून मी खोटं झाकू? लिही तू. सही माझी."

मुलाच्या वहीचं पान फाडून मी लिहिलं. पदराच्या पाठीला मोकळे धागे आहेत. सुटलेला धागा जाळून पाहिला, तो रेशमाचा नाही. नक्षी तिल्लीनं भरलेली नाही. साडी यंत्रमागावरची आहे. खाली तारीख घातली आणि बाबांनी चष्मा लावून, सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली.

मावशींनी पानाची घडी केली, घडीवर घडी घातली आणि आईच्या इरकलाच्या पदराला ती गाठ मारून बांधली. खोका काखेत मारला आणि साडेतीनची गाडी गाठायला निघाल्या.