पत्रपेटीवरची पाटी

“पेटी उन्हात आहे की सावलीत?” पत्र्याच्या पत्रपेटीवर नावाची पाटी हवी म्हणून आज कसबा पेठेतल्या एका कारागिरांकडे गेलो, तर आडनाव विचारण्याआधी त्यांनी हे विचारले.

दुपारचे ऊन लागते म्हटल्यावर चिकटवायची विनाइलची अक्षरे त्यांनी तिथेच बाद केली. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर योग्य प्रायमर न लावता ऑइलपेंट दिला, तर जस्ताशी होणाऱ्या प्रक्रियेमुळे त्याचेही पापुद्रे सुटतात.

पितळी पत्र्यावर अक्षरांची जागा उघडी ठेवून बाकीचा भाग झाकायचा, फेरिक क्लोराइडच्या द्रावणाने अक्षरे खोल कोरून घ्यायची आणि त्या खाचांत काळे इनॅमल भरायचे, ही रीत मला सर्वांत पटली, कारण पितळ घासून लखलखीत केले तरी खाचेतला रंग जागचा हलत नाही.

अक्षरे आरपार कापून घेण्याचा माझा हट्ट मात्र देवनागरीपुढे टिकला नाही. ‘ब’च्या पोटातला तुकडा गळून पडू नये म्हणून बारीक जोड ठेवावे लागतात, आणि त्या जोडांनी अक्षर (निदान माझ्या डोळ्यांना) तुटके दिसते.

पाटीवरच्या मजकुराची चर्चा पुण्यात भरपूर होते. तुमच्या पाटीवरची अक्षरे रंगवलेली आहेत की कोरलेली?