तुम्ही विचारलेत म्हणून: कलावंताने हातच लावला नाही, तर ती कला कशी?

मी कलेचा इतिहास शिकवतो हे कळले की लोक हमखास विचारतात, जी वस्तू कलावंताने स्वतः घडवलेलीच नाही, तिला कलाकृती का म्हणायचे? प्रश्न रास्त आहे. हाताच्या कसबाला मान देणारा माणूसच तो विचारतो, आणि संकल्पनात्मक कलेविषयी, म्हणजे वस्तूपेक्षा कल्पनेला महत्त्व देणाऱ्या कलेविषयी, बोलताना तो टाळून चालत नाही.

या वादाचे मूळ १९१७ मध्ये सापडते. फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँने न्यूयॉर्कमधील एका प्रदर्शनासाठी चिनी मातीचे मुतारीचे तयार भांडे ‘आर. मट’ या सहीनिशी पाठवले. शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाची कृती मांडायची, असा आयोजकांचाच नियम असूनही ते मांडले गेले नाही. भांडे पुढे गहाळ झाले. निवड करणे हेही कलावंताचे काम असू शकते, हा त्यामागचा विचार मात्र टिकला.

त्याला चळवळीचे रूप आले ते १९६० च्या दशकात. अमेरिकन कलावंत सोल लेविटने १९६७ मध्ये ‘आर्टफोरम’ मासिकात लिहिले की अशा कलेत कल्पनाच सर्वांत महत्त्वाची असते. सगळे निर्णय आधीच झालेले असतात आणि अंमलबजावणी ही केवळ औपचारिकता उरते. दुसरा अमेरिकन कलावंत जोसेफ कोसुथ याने त्याआधीच खुर्ची, तिचे छायाचित्र आणि शब्दकोशातील तिची व्याख्या शेजारी शेजारी मांडली होती. ती कृती माझ्या बुद्धीला पटते, पण मनात घर करत नाही. लेविटची भित्तिरेखाटने, म्हणजे त्याच्या लेखी सूचनेवरून इतरांनीही थेट भिंतीवर काढायची रेखाटने, मात्र करतात.

मे १९७० मध्ये लेविटची जिवलग मैत्रीण, शिल्पकार इव्हा हेस, वयाच्या ३४ व्या वर्षी गेली. दोऱ्या आणि लोंबत्या, वळणदार रेषा हे तिच्या कामाचे वैशिष्ट्य होते. तोवर सरळ रेषांत भिंती भरणाऱ्या लेविटने तिच्या स्मरणार्थ पॅरिसमधील प्रदर्शनात ४६ क्रमांकाचे रेखाटन केले. सूचना एवढीच होती: उभ्या रेषा, सरळ नसलेल्या, एकमेकींना न टेकणाऱ्या, भिंत सारखी व्यापणाऱ्या. काळ्या पेन्सिलीने हे काढणाऱ्याला शेजारच्या रेषेवरून नजर हलवता येत नाही, कारण तिच्या प्रत्येक वळणाला सांभाळूनच आपली रेष खाली न्यावी लागते. इतका शोक दोन ओळींच्या सूचनेत मावतो, म्हणून ही कला कोरडी आहे हा आक्षेप मला मान्य होत नाही.

प्रदर्शन संपले की अशी रेखाटने बहुधा रंगाखाली जातात. मागे उरतात आकृती आणि प्रमाणपत्र, ज्यांच्या आधारे ती दुसऱ्या भिंतीवर पुन्हा काढता येतात. बंदिश एकाची आणि गळा दुसऱ्याचा असला, तरी आपण बंदिशकाराचे नाव विसरत नाही, तसेच हे आहे. लेविट २००७ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील ‘मास मोका’ या संग्रहालयात त्याची १०५ भित्तिरेखाटने इतरांच्या हातांनी उभी राहिली. आणि तुम्हाला ज्या हाताची काळजी वाटते, तो यात पुसलेला नाही: रेखाटन पहिल्यांदा कोणी काढले, त्यांची नावे त्याच्या नोंदीत लिहिलेली असतात.